कोणी न वाचलेले प्रबंध

सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत सहायक प्राध्यापकाची सर्वांत वरची श्रेणी ७९,८०० रुपयांच्या मूळ वेतनापासून सुरू होते आणि सहयोगी प्राध्यापकाची १,३१,४०० रुपयांपासून. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि ज्याला लागू असेल त्याचे निवृत्तिवेतन, सगळे मूळ वेतनावर ठरत असल्यामुळे या एका पायरीचा फरक माणसाला उरलेल्या नोकरीभर आणि त्यानंतरही पुरतो. ही पायरी चढायला पीएचडी लागते. ती पदवी खरी आहे का, प्रबंध त्याच माणसाने लिहिला आहे का, हे पदोन्नतीच्या वेळी कोण पाहतो? कॉलेजात कॅसची, म्हणजे पदोन्नती योजनेची, फाईल तयार होते, विद्यापीठाची समिती ती तपासते, उच्च शिक्षण सहसंचालकांचे कार्यालय वेतननिश्चिती करते. आणि या सगळ्या प्रवासात टेबलावर येते ते पदवी प्रमाणपत्र, पीएचडीचे नोटिफिकेशन आणि त्यांच्या साक्षांकित झेरॉक्स प्रती. प्रबंध कुठेच येत नाही.

शैक्षणिक अप्रामाणिकपणाची आपल्याकडची चर्चा बहुधा चारित्र्याची चर्चा असते. एखादे प्रकरण उघड झाले की पूर्वीचे ध्येयवादी प्राध्यापक आणि आताचे पोटभरू असा सूर लागतो आणि चार दिवसांनी विरतो. मला हा सूर निरुपयोगी वाटतो, कारण लबाडी करणारी माणसे पूर्वीही होती आणि पुढेही असतील. विचारायला हवे ते एवढेच की ही लबाडी वर्षानुवर्षे बिनबोभाट पचते कशी. माझे उत्तर असे आहे की आपल्या उच्च शिक्षणव्यवस्थेने मूल्यमापनातून वाचन ही क्रियाच काढून टाकली आहे. ज्या लेखनावर नेमणूक, पदोन्नती आणि संशोधन मार्गदर्शकाची मान्यता ठरते, ते लेखन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणे ही कोणाचीच जबाबदारी उरलेली नाही. बनावट पदवी आणि चोरलेला प्रबंध हे कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळे गुन्हे आहेत, पण दोन्ही जगतात ते या एकाच कारणामुळे.

बनावट पदवीपासून सुरुवात करू. मेघालयातील सीएमजे विद्यापीठाने २०१२-१३ या एका वर्षात ४३४ जणांना पीएचडी दिली. त्या काळच्या नियमाप्रमाणे एका मार्गदर्शकाकडे एका वेळी आठ संशोधक असू शकत होते. प्रत्येकाला तीन वर्षे लागली असे धरले, तर वर्षाला एवढे प्रबंध पुरे करायला दीडशेहून अधिक मार्गदर्शक हवेत, आणि तेही सगळे आपली मर्यादा काठोकाठ भरून बसलेले. हा हिशेब करायला चौकशी समिती लागत नाही, कागद आणि पेन पुरते. राज्यपालांनी २०१३ मध्ये प्रकरण हाती घेतले, २०१४ मध्ये राज्य सरकारने विद्यापीठ विसर्जित केले, आणि त्या विसर्जनावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला फेब्रुवारी २०२५ उजाडले. हिमाचल प्रदेशात सोलनच्या मानव भारती विद्यापीठाने दिलेल्या सुमारे ४१,००० पदव्यांपैकी ३६,००० बनावट असल्याचे तिथल्या पोलिसांच्या विशेष तपास पथकाने सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने राजस्थानातील तीन खासगी विद्यापीठांना, म्हणजे चुरूचे ओपीजेएस, अलवरचे सनराईज आणि झुंझुनूचे सिंघानिया यांना, पाच वर्षे पीएचडीचे प्रवेश देण्यास मनाई केली.

या बातम्यांत विकणाऱ्याचे नाव येते. घेणाऱ्याकडे कोणी वळत नाही. पीएचडीची पदवी भिंतीवर लावायला कोणी विकत घेत नाही. ती कुठल्या तरी फाईलला लावली जाते, कुठल्या तरी निवड समितीने ती ग्राह्य धरलेली असते, कुठल्या तरी कार्यालयाने तिच्यावर वेतनवाढ काढलेली असते. विद्यापीठ बंद झाल्यावर त्या फाईली परत उघडल्या जातात का? पदव्यांच्या पडताळणीसाठी नॅशनल अ‍ॅकॅडमिक डिपॉझिटरी आहे, डिजिलॉकर आहे, आणि तरीही नेमणुकीच्या वेळी पदवी देणाऱ्या विद्यापीठाला थेट विचारण्याऐवजी उमेदवाराने स्वतः आणलेल्या झेरॉक्सवर स्वतः केलेली सही पुरेशी मानली जाते. पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन चौकशी करतात. तीस वर्षे पिढ्या शिकवणार असलेल्या माणसाच्या पदवीसाठी साधा ईमेलही जात नाही.

तमिळनाडूत २०२४ मध्ये याचीच दुसरी तऱ्हा उघड झाली. अण्णा विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांत तेच प्राध्यापक एकाच वेळी अनेक कॉलेजांत पूर्णवेळ दाखवले गेल्याचे एका नागरी संघटनेने यादीसकट मांडले, आणि सुमारे २,००० पदांवर १८९ जणांचीच नावे फिरत असल्याचे विद्यापीठालाच मान्य करावे लागले. आपल्याकडे विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती कॉलेज तपासायला येण्याच्या दिवशी स्टाफरूममध्ये अचानक दिसू लागणारे अनोळखी चेहरे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

बनावट पदवीचा प्रश्न निदान सोपा आहे, कारण तिथे खरे आणि खोटे यांत रेष आखता येते. अवघड आहे तो खऱ्या विद्यापीठाने, रीतसर नोंदणी करून, रीतसर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेऊन दिलेल्या पदवीचा आणि त्यापुढच्या शोधनिबंधांचा. इथे २०१० ची नियमावली आठवली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या नियतकालिकातील लेखाला १५ गुण, आणि तशी तपासणी नसलेल्या पण ‘मान्यताप्राप्त व प्रतिष्ठित’ असून आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या नियतकालिकातील लेखाला १० गुण ठरले. प्रतिष्ठा मोजता येत नाही, क्रमांक दाखवता येतो; त्यामुळे व्यवहारात उरला तो फक्त क्रमांक. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, त्याचा दर्जाशी काही संबंध नाही. साधे मासिकही तो मिळवू शकते. पण दोन-तीन वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यांत आयएसएसएनधारी आंतरराष्ट्रीय नियतकालिके निघाली आणि त्यांपैकी कित्येकांचे कार्यालय म्हणजे एखाद्या झेरॉक्स सेंटरचा वरचा मजला होता.

त्याच तक्त्यात निबंधवाचनाचे दर होते : आंतरराष्ट्रीय परिषदेत १०, राष्ट्रीय ७.५, राज्यस्तरीय ५ आणि स्थानिक ३. हा दरतक्ता वाचला की त्या काळात तालुक्याच्या कॉलेजांतील चर्चासत्रे एकाएकी राष्ट्रीय आणि मग आंतरराष्ट्रीय का झाली, याचा उलगडा होतो. नेपाळहून किंवा बांगलादेशातून एक वक्ता आला की फ्लेक्सवर ‘इंटरनॅशनल’ छापता येत असे. अशा परिषदेत सकाळी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि अध्यक्षीय भाषण यांत बारा वाजतात. जेवणानंतर तीन वर्गखोल्यांत समांतर सत्रे लागतात. एका सत्रात पंचवीस-तीस निबंध असतात आणि सत्राध्यक्ष प्रत्येकाला तीन मिनिटांत आटोपायला सांगतात, कारण लांबून आलेल्यांची शेवटची एसटी चुकायला नको. निबंध ऐकायला समोर बसलेले सगळे स्वतःचा नंबर येण्याची वाट पाहणारे असतात. नंबर झाला की ते प्रमाणपत्राच्या टेबलाकडे जातात. सर्व निबंधांचा जाडजूड विशेषांक, आयएसएसएनसह, सकाळी नोंदणी करतानाच पिशवीत मिळालेला असतो. म्हणजे चर्चा होण्याच्या आधीच चर्चेचे फलित छापून तयार. यात सगळेच लबाड होते असे मी म्हणत नाही. अनेकांनी कष्टाने लिहिलेले निबंधही त्याच विशेषांकात, त्याच फीमध्ये छापले गेले आणि कोणी न वाचता गुणांच्या रकान्यात जाऊन बसले. चांगल्या निबंधाला आणि उचललेल्या निबंधाला सारखेच १० गुण मिळत असतील, तर चांगला निबंध लिहिण्याचे कष्ट हा त्या माणसाचा खासगी शौक ठरतो.

हे दुखणे आयोगालाही कळत नव्हते असे नाही. २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी आली. तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा मोठा भाग होता, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भागाचा नमुना तपासला तेव्हा पडताळलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांत बसत नसल्याचे दिसले. ती शिफारस कोणी केली होती? विद्यापीठांनीच, म्हणजे प्राध्यापकांनीच. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. मग मान्य नियतकालिकांची ‘केअर’ नावाची नवी यादी आली, तिचे काम पुण्यातूनच चाले. ती आली तशी तिच्यातील नियतकालिकांच्या नावाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळे आली, व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्या लेखकाचा दर वेगळा आणि तिसऱ्या लेखकाचा वेगळा अशा जाहिराती आल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केल्याचे जाहीर करून दर्जा ठरवण्याचे काम परत विद्यापीठांकडे सोपवले. पंधरा वर्षांत गुण, यादी, सुधारित यादी आणि पुन्हा विद्यापीठ असा फेरा पुरा झाला. निवडीच्या वेळी उमेदवाराचे मोजके लेख मागवण्याची तरतूद २०१० च्या नियमावलीत होती, पण समितीने ते वाचावेत आणि काय वाचले ते लिहून ठेवावे, ही रीत काही रुजली नाही.

वाङ्मयचौर्याबाबत २०१८ मध्ये स्वतंत्र नियमावली आली, तिचे स्वागतही झाले. तिच्यात साम्याचे टक्के आणि शिक्षा यांची सांगड आहे. दहा टक्क्यांपर्यंत काहीच नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत, साठपर्यंत आणि साठच्या वर अशा पायऱ्या आहेत. विद्यार्थ्याच्या प्रबंधात साम्य साठ टक्क्यांच्या वर गेले तर त्याची नोंदणीच रद्द होते. प्राध्यापकाच्या लेखात तेवढेच साम्य निघाले तर लेख मागे घ्यायचा, दोन वार्षिक वेतनवाढी सोडायच्या आणि तीन वर्षे नवे संशोधक घ्यायचे नाहीत. शिकणाऱ्याला थेट दाराबाहेर काढायचे आणि शिकवणाऱ्याला दोन वेतनवाढींवर सोडायचे, हे ज्यांनी लिहिले ते स्वतः शिकवणाऱ्यांपैकीच होते, एवढेच म्हणून पुढे जातो. पदवी मिळून गेल्यावर चौर्य सिद्ध झाले तर त्याच नियमावलीप्रमाणे पदवी समिती ठरवील तितका काळ स्थगित राहते. ज्या प्रबंधामुळे पदवी मिळाली तो प्रबंधच चोरीचा ठरल्यावर पदवी काही काळापुरती थांबवायची, म्हणजे काय करायचे, हे मला आजवर उमगलेले नाही.

टक्क्यांच्या हिशेबातला मोठा दोष मात्र शिक्षेच्या सौम्यपणात नाही. तो असा की सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजते आणि चोरी बहुतेक वेळा विचारांची, मांडणीची, आधारसामग्रीची असते. आणि मराठीच्या बाबतीत ते शब्दही धड मोजत नाही. आपल्याकडचे अनेक मराठी प्रबंध अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित होतात. ती फाईल युनिकोडमध्ये नसते. माणसाला पडद्यावर मराठी दिसते, पण यंत्राला आत दिसतात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक जुळणी. तिची तुलना कशाशी होणार? साम्य शून्याच्या जवळ येते, ग्रंथालयातून तसे प्रमाणपत्र मिळते आणि ते प्रबंधाच्या पहिल्या पानांत बांधले जाते. हिंदीतून किंवा इंग्रजीतून उतारेच्या उतारे मराठीत आणले तर फाँट कोणताही असो, यंत्राला पत्ता लागत नाही. एखाद्या संतकवीवरच्या किंवा ग्रामीण कादंबरीवरच्या प्रबंधात चौथे प्रकरण कुठून आले आहे, हे ओळखायला त्या विषयावरची चार पुस्तके वाचलेला परीक्षक लागतो. तो परीक्षक विद्यापीठाच्या यादीत असतो, त्याला मानधन मिळते, त्याची सही अहवालावर असते.

आणि त्या अहवालापाशी आपण खऱ्या दुखण्यावर येतो. प्रबंधाला मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक असावेत असा नियम आहे. त्यांची नावे सुचवतो मार्गदर्शकच. आज मी तुमच्या विद्यार्थ्याचा परीक्षक, उद्या तुम्ही माझ्या विद्यार्थ्याचे, हा व्यवहार इतका रुळला आहे की त्यात कोणाला गैर वाटत नाही. अहवाल बहुतेकदा दोन पानांचे असतात. पहिल्या पानावर प्रकरणांची नावे ओळीने लिहिलेली असतात, दुसऱ्यावर संशोधकाने परिश्रम घेतले आहेत, भाषा ओघवती आहे, टंकलेखनाच्या काही चुका दुरुस्त कराव्यात, पदवी देण्याची शिफारस करतो. संशोधकाचे नाव आणि विषय बदलला की तोच अहवाल पुढच्या प्रबंधाला चालतो. व्हायवा कायद्याने खुला असतो, सूचनाफलकावर कागद लागतो, समोर येऊन बसतात ते संशोधकाचे घरचे लोक आणि विभागातील विद्यार्थी. प्रश्न अवघड विचारणे हे यजमानांच्या घरी जेवणाला नावे ठेवण्याइतके अशिष्ट समजले जाते. अर्ध्या तासात अभिनंदन, हार, फोटो. त्या फोटोत उभे असलेल्या किती जणांनी तिसरे प्रकरण वाचलेले असते?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला खोटा वाटत नाही. कॉलेजातल्या शिक्षकाने शिकवावे, त्याच्यावर संशोधनाची सक्ती केल्यामुळेच हा बाजार माजला, असे अनेक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात. आठवड्याला सोळा तास, शिवाय कॉलेजाच्या नॅक मूल्यांकनाच्या फाईली, परीक्षा, एनएसएसचे शिबिर आणि निवडणुकीची ड्यूटी यांतून जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे ग्रंथालयात एक चालू नियतकालिक येत नाही, तिथे संशोधन करायचे कुठून? खरे आहे. आयोगानेही हे अंशतः ओळखून २०१८ मध्ये कॉलेजातील शिक्षकांच्या पहिल्या काही टप्प्यांवरची शोधनिबंधांची अट सैल केली आणि २०२३ मध्ये सहायक प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीसाठी पीएचडी ऐच्छिक ठेवली. पण सक्ती होती म्हणून चोरी केली, हे समर्थन मी स्वीकारू शकत नाही, कारण त्याच सक्तीत, त्याच कॉलेजांत, त्याच पगारात काही जणांनी उत्तम कामे केली आहेत. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की तासिका तत्त्वावर राबणारा, सेट-नेट उत्तीर्ण, स्वतःचा प्रबंध स्वतः लिहिलेला तरुण ज्या मुलाखतीत मागे पडतो, त्या मुलाखतीत जागेचा भाव लाखांत बोलला जातो हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? नोकरीची सुरुवातच ज्याची पैसे मोजून झाली, तो पुढे निबंध विकत घेताना अडखळेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची?

या प्रामाणिक तरुणाचे नुकसान दुहेरी आहे. जागा तर जातेच, वर त्याच्या पदवीवर संशयही येतो. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून काय दिवे लावणार असा प्रश्न केला, तेव्हा संशोधकांत संताप उसळला, आणि तो रास्त होता. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर संशोधन करणाऱ्यांत घरातले पहिले पदवीधर असलेली कितीतरी मुले-मुली आहेत. पण असा प्रश्न सभागृहात विचारता येतो आणि तो अनेकांना पटतोही, याला कारण आपल्या विद्यापीठांनी वाटलेल्या पदव्या आहेत. त्या अविश्वासाची किंमत मात्र ज्यांनी पदव्या वाटल्या ते मोजत नाहीत.

वाचन झाले की काय होते, याची उदाहरणे आहेत. कुमाऊँ विद्यापीठाचे कुलगुरू बी. एस. राजपूत यांच्या नावावरचा एक शोधनिबंध स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञ रेनाटा कॅलोश यांच्या १९९६ च्या लेखावरून उचललेला असल्याचे २००२ मध्ये पुढे आले, ते कोणीतरी दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले म्हणून. सुरुवातीला कारवाई झाली ती आवाज उठवणाऱ्या विभागप्रमुखांवर. परदेशातील शास्त्रज्ञांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिल्यावर आणि चौकशी झाल्यावर पुढच्या वर्षी कुलगुरूंना पद सोडावे लागले. जर्मनीत २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांचा प्रबंध सामान्य वाचकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन पानोपान तपासला. पदवी गेली, मंत्रिपदही गेले. दोन वर्षांनी शिक्षणमंत्री शावान यांचेही तेच झाले. तिथले प्राध्यापक अधिक सज्जन आहेत असा याचा अर्थ नाही. गुटेनबर्ग यांच्या परीक्षकांनीही डोळेझाक केलीच होती. पण प्रबंध बाहेर उपलब्ध होता आणि विद्यापीठाला वाचकांसमोर उत्तर द्यावे लागले.

आपल्याकडेही शोधगंगा हे प्रबंधांचे खुले संकेतस्थळ आहे, आणि लाखो प्रबंध तिथे आहेत ही लहान गोष्ट नाही. पण प्रबंध तिथे पोचतो तो मूल्यमापन उरकल्यावर, अनेकदा न शोधता येणाऱ्या स्कॅन प्रतीत. त्यात बदल करायला नवे मंडळ, नवी यादी किंवा नवे सॉफ्टवेअर लागत नाही. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावा, व्हायवाच्या किमान एक महिना आधी तो खुला करावा, आक्षेप मागवावेत आणि पदवी जाहीर झाल्यावर दोन्ही परीक्षकांचे अहवाल त्यांच्या नावांसह प्रबंधाला जोडून प्रसिद्ध करावेत. निकालाआधी अहवाल गोपनीय ठेवण्याला कारण आहे. निकालानंतर ते लपवण्याला कोणतेही कारण मला दिसत नाही. जो परीक्षक चोरीच्या प्रकरणाला ‘मौलिक’ म्हणतो, त्याचे ते म्हणणे पुढच्या वाचकाला दिसले पाहिजे.

याला विरोध होईल, आणि तो अभ्यास मंडळांतून, विद्या परिषदांतून आणि संशोधन मान्यता समित्यांतून होईल, कारण तेच दोन पानांचे अहवाल लिहिणारे परीक्षक तिथे बसतात. म्हणून हे विद्यापीठांच्या मर्जीवर सोडू नये. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत खुला व्हायवा आहे, शोधगंगा चालवणाऱ्या इन्फ्लिबनेटकडे प्रबंध पाठवण्याची सक्तीही आहे. तिच्यात बदलायची आहे ती प्रबंध खुला करण्याची तारीख आणि जोडायची आहेत ती अहवालांची चार पाने.